राजाच्या तोंडी ‘मले’

कोंढ्याच्या मंडईत नाटक झालं की दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. पेटी कशी वाजली, राजा कोण झाला, नटी कुठून आणली, तिनं किती नखरे केले, सगळं निघतं. गाण्यातले शब्द कोणाचे, हे मात्र गेल्या वर्षापर्यंत एकाही माणसानं विचारलं नव्हतं. शब्द म्हणजे काय, ते असतातच, असं लोकांना वाटतं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही, कारण गेली कित्येक वर्षं ते शब्द मी लिहिते.

कोंढा माझं माहेर. नवरा मँगनीजच्या खाणीत कामाला, म्हणून लग्न झाल्यापासून मी चिखल्याच्या कॉलनीत राहते. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, घरं पाहुण्यांनी भरतात, दिवसभर जत्रा आणि अंधार पडला की नाटक. आमचं नाटक गावातलेच लोक करतात, फक्त बाईच्या कामाला बाहेरून नटी येते. नाटक बसवतात ते पेटीमास्तर. गद्य त्यांचं, चाली त्यांच्या, गाणी माझी.

आमच्यात चाल आधी येते आणि शब्द मागून. मास्तर पेटीवर चाल वाजवतात, सोबत ‘ला ला ला’ म्हणतात आणि फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवतात. मी पोळ्या लाटता लाटता ती ऐकते. मग त्या ‘ला ला’च्या जागी एकेक शब्द बसवत जाते, कपाटात कपडे लावावेत तशी. सूर आखूड असेल तिथं आखूड अक्षर, लांब असेल तिथं लांब. आणि जिथं गाणारा सूर धरून उभा राहणार, तिथं ‘आ’. हा नियम मला कोणी शिकवला नाही. माझ्या भावाचा आवाज ऐकून तो मला कळला.

दादा राजा होतो. त्याच्या मिशीला काळा रंग लागत नव्हता तेव्हापासून तोच होतो. आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. लहानपणी तो डोंग्यात, आमच्या छोट्या होडीत, उभा राहून गायचा आणि आई या काठावर ऐकून सांगायची की आता याचं जाळं टाकून झालं. राजाच्या पदाची ओळ संपते तिथं तो ‘आ’ धरायचा आणि मांडवातली माणसं बोलायची थांबायची. तो ‘आ’ डोळ्यासमोर ठेवून मी लिहीत आले. मला, तुला, आला, गेला, दारा, वारा. लोक म्हणतील, एवढं सोपं? लिहून पाहा म्हणावं.

गेल्या वर्षीच्या नाटकात राजाचं राज्य जातं. ज्या बहिणीला त्यानं कधी पुसलं नाही, तिच्याच दारात तो उपाशीपोटी येऊन उभा राहतो. बहीण दाराआड. तिसऱ्या कडव्यापर्यंत ती दार उघडत नाही, मग उघडते आणि आपल्या हातानं त्याला घास भरवते. मास्तरांनी चाल पाठवली, मी पद लिहिलं:

घास द्यावा मला, ताई, घास द्यावा मला,
राज्य गेले, नाव गेले, ठाव नाही मला.

मला आवडलं होतं. दर ओळीच्या शेवटी दादासाठी लांबलचक ‘ला’ ठेवला होता. दोन दिवसांनी त्यानं गाऊन पाठवलं. ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. सूर बरोबर, ताल बरोबर, पण ‘ला’ येई तिथं आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मी लगेच फोन लावला.

“झोपेत गायलास का रे दादा?”

फोन वहिनीनं घेतला.

“त्याइचं तोंड उघडत नाही बाई,” ती म्हणाली. “तुमाले सांगू नको म्हणे.”

खर्रा. दुसरं काय असणार. आमच्याकडं पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून देतात, त्याला खर्रा म्हणतात. दादाच्या गालात तो सकाळी जायचा तो झोपेपर्यंत. आईनं सांगितलं, वहिनीनं सांगितलं, मी तर भाऊबीजेला ओवाळणी म्हणून खर्रा सोड असं मागितलं होतं. त्यानं साडी दिली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरकडं मीही गेले. वहिनी दादाला घेऊन कोंढ्याहून पवनीमार्गे आली, मी चिखल्याहून तुमसरमार्गे. डॉक्टर तरुण होते, शांत होते. “आ करा,” म्हणाले. दादानं केला. म्हणजे त्याला वाटलं, केला. डॉक्टरांनी त्याला स्वतःचीच बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला हवीत. एक गेलं, दुसरं अडकलं. गालाची आतली कातडी ताठ होत चालली आहे, ते म्हणाले. आज खर्रा सोडा, इंजेक्शनं घ्या, व्यायाम करा. वाईट आजार अजून नाही, पण हे असंच चालू राहिलं तर हे वाक्य मला पुन्हा म्हणता येणार नाही, असंही म्हणाले. व्यायाम म्हणजे आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची.

तेव्हापासून दादा ओसरीवर दातांत काड्या धरून बसायचा. तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची, भाकरीचा तुकडा आत जायचा नाही. म्हणून वहिनी त्याला पेज द्यायची, तांदळाची पातळ, बिनमिठाची. राजासारखं जेवतो म्हणून मी त्याला चिडवलं. तो हसला, पण ओठच हलले.

खर्रा त्यानं सोडला. भीतीनं सोडला असेल, पण सोडला. त्याला बोचत होतं ते वेगळंच. मास्तरांनी गावातल्या चार लोकांसमोर सांगितलं होतं की तालमी सुरू होईपर्यंत गळा मोकळा झाला तर ठीक, नाहीतर राजासाठी वडशाहून गाणारा आणू. त्यांचं चूक नव्हतं. तिकडं पैसे टाकले की गाणारे मिळतात आणि चांगले मिळतात. पण दादा राजा नसलेली मंडई म्हणजे काय, हे मला विचारा. तो काही त्या दिवशी मांडवात जाऊन बसला नसता. तो डोंगा घेऊन तलावावर गेला असता आणि लोक म्हणाले असते, बिचारा. हा शब्द त्याला सहन झाला नसता आणि मलाही.

मी पद बदलून पाहिलं. ‘मला’च्या जागी ‘माझी’ घातलं, अर्थ गेला. ‘द्यावा’च्या जागी ‘देई’ घातलं, ते बरं वाटलं, पण ओळीचा शेवट पुन्हा ‘ला’वरच येऊन बसायचा. मराठीत माणसाला काही मागायचं असेल तर ‘मला’ म्हणावंच लागतं. आणि तो ‘ला’ माझ्या भावाच्या तोंडात मावत नव्हता. मी वैतागून कागद चुलीत टाकला असता, पण गॅसची शेगडी आहे. शेवटी फ्रीजवर ठेवला.

मग एका दुपारी दादाचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड केलेला. गाणं नव्हतं, नुसतं बोलणं.

“बाई, मले नाही जमत वो. मास्तरले सांगून दे. कोनाले आनाचं त्याले आना. उगाच तू तिकडं मगजमारी करून राहिली. सोड मले.”

मला वाईट वाटलं, रडूही आलं. तरी ते मी पुन्हा लावलं, कारण काहीतरी कानात राहिलं होतं. ‘सोड मले.’ शेवटचा ‘ले’ त्यानं लांबवला होता. तक्रार करताना माणूस लांबवतो तसा. आणि तो ‘ले’ स्वच्छ होता. मडकं नाही, अडकणं नाही, पूर्वीचा दादा. ‘ए’ म्हणायला जबडा खाली पाडावा लागत नाही, ओठ बाजूला ताणले की भागतं. मी कणकेच्या हातानं ओट्यासमोर उभी राहून आलटूनपालटून ‘ला’ आणि ‘ले’ म्हणून पाहिलं. आमचे हे रात्रपाळी करून झोपले होते, त्यांनी आतून विचारलं, “काय झालं तुले?” मी म्हटलं, “हेच. हेच झालं.”

आम्ही घरात जन्मभर मले आणि तुलेच म्हणतो. पण नाटकात राजा मले म्हणत नाही. राजा, राणी, प्रधान, सगळे शाळेच्या पुस्तकातली भाषा बोलतात. मले, तुले, काहून, हे फक्त विनोदी नटानं बोलायचं. तो स्टेजवर आला आणि नुसतं ‘काहून बे’ म्हणाला की हशा. एवढी वर्षं मी दादासाठी लिहिलं आणि दादाच्या तोंडात त्याची स्वतःची बोली कधी ठेवली नाही, कारण तसं कोणीच ठेवत नाही.

त्या दुपारी ठेवली. जेवढे ‘आ’ होते तेवढे वेचून काढले, तांदळातले खडे काढावेत तसे. घास गेला, कारण घासात ‘आ’ आहे. त्याच्या जागी काय, तर दादा रोज जे पितो ते.

पेज दे वो मले, भैनी, पेज दे वो मले,
घोडे गेले, मोती गेले, कोन पुसे मले.

अक्षराला अक्षर. चालीत कुठं खुपलं नाही. मी मास्तरांच्या ‘ला ला’वर ते म्हणून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. असं फार वेळा होत नाही, झालं तर मी मानून घेते.

मास्तर मात्र खूश झाले नाहीत. “राजा असा बोलते का बाई?” ते फोनवर म्हणाले. “आणि पेज? राजा पेज मागते?”

“राज्य गेलेला राजा बहिणीच्या दारात उभा आहे मास्तर. बासुंदी मागेल का?”

“लोक हासतील.”

“हासले तर मी पाहून घेईन.” हे मी म्हटलं खरं, पण मी काय पाहून घेणार होते, कोणास ठाऊक.

दादा तर त्याहून भडकला. “मी का जोकर आहो का? आजपर्यंत राजा झालो, आता म्हातारपनी लोकाइले हासवू?” मी म्हटलं, एकदा गाऊन पाहा, मग शिव्या दे. त्यानं गायलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीनं चोरून फोन केला आणि काही न बोलता तसाच धरून ठेवला. लांबून तलावाच्या बाजूनं आवाज येत होता. तो डोंग्यात उभा राहून ‘मले’ म्हणत होता. शेवटचा ‘ले’ पाण्यावरून येत राहिला आणि वहिनी फोनवर नुसती श्वास घेत होती. मी गॅस बंद केला आणि ऐकत राहिले.

तालमीला मी आधीच कोंढ्याला जाऊन राहिले. दरवर्षी आडोशाला पुस्तक धरून मीच उभी असते, कोणी अडलं की पुढचा शब्द सांगायला. दादा गायला आणि मास्तर पेटीवरून मान वर न करता म्हणाले, “चालते. ठेवा.” वडशाचं नाव त्यानंतर निघालं नाही. पण गोंधळ घातला विनोदी नटानं. तो आमच्या शेजारचाच, धानाची शेती आणि तोंडाचा फटकळ. “राजाच मले मले करन तर मी काय बोलू? माही तर भाषाच नेली यानं.” मी म्हटलं, तू यंदा पुस्तकी बोल. तो म्हणाला, “म्हणजे मी असे विचारू काय, की महाराज, आपण भोजन केले काय?” आणि सगळे इतके हसले की मास्तरांनी तेच ठेवून दिलं. त्यानं मंडईच्या दिवशी त्याच भाषेत मांडव डोक्यावर घेतला, ते वेगळं सांगायला नको.

नटी यायची ती नाटकाच्या दिवशीच. चेहऱ्याला रंग लावता लावता तिनं मला विचारलं, “माझं काय बदललं?” मी म्हटलं, गाणं राजाचं आहे, तुम्ही फक्त तिसऱ्या कडव्याला दार उघडा. तिनं मान हलवली. ती अनुभवी होती, गावोगाव फिरलेली.

पहिल्याच अंकात तो प्रवेश होता. दाराची चौकट, चौकटीत नटी आणि तिच्या मागं आडोशाला पुस्तक धरून मी. वहिनीनं दादासाठी डब्यात पेज पाठवली होती, घसा कोरडा पडू नये म्हणून, ती माझ्या पायाशी ठेवलेली. त्यानं प्रवेशाआधी थोडी पेल्यातून घेतली होती. पेटी सुरू झाली. दादा फाटका शेला अंगावर घेऊन समोरून आला.

“पेज दे वो मले.”

हशा झाला. पुरुषांच्या बाजूनं आधी, मग पोरांचा. मला वाटलेलंच होतं. मी चौकटीच्या फटीतून दादाकडं पाहिलं. तो थांबला नाही. खाली पाहिलं नाही. पुन्हा ‘मले’ आलं आणि यावेळी त्यानं ‘ले’ धरला. धरून ठेवला. हसणारे हसत असतानाच आवाज त्यांच्यावरून गेला आणि ते एकेक करून गप्प झाले. ‘कोन पुसे मले’ आलं तेव्हा मांडवात फक्त पेटी आणि तो. मी पुस्तकात पाहायचं सोडलं होतं.

दुसरं कडवं चालू असताना बायकांच्या बाजूनं एक म्हातारा आवाज आला. मोठ्यानं नाही, शेजारणीशी बोलावं तसा. “दे ना वो त्याले. काहून उभं ठेवलं?” कोणी हसलं नाही. उलट आणखी दोघीतिघी म्हणाल्या, दे, दे. नटीनं माझ्याकडं पाहिलं. तिसरं कडवं व्हायचं होतं, पण ती शहाणी होती. तिनं दार उघडलं.

आणि तेव्हा माझं बोट पुस्तकातल्या पुढच्या ओळीवर गेलं. ‘बहीण घास भरवते.’ गाणं बदललं, भाषा बदलली, एकेक ‘आ’ वेचून काढला, पण कंसातली ही ओळ कोणी बदलली नव्हती. तालमीत नटी नव्हती, त्यामुळे घासही नव्हता. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात मंडईतून आणलेला बुंदीचा लाडू, मुठीएवढा, शेवटच्या माणसालाही दिसावा असा. ती शिकल्याप्रमाणे लाडू उचलून दादाच्या तोंडाकडं नेत होती. दादानं लाडूकडं पाहिलं. सगळ्या गावासमोर आता त्याला ‘आ’ करायचा होता.

त्याचे ओठ हलले, तेवढेच. नटीचा हात त्याच्या हनुवटीपाशी थांबला. तिला काही कळेना.

मी डबा उचलला. पेल्यात पेज ओतली, थोडी माझ्या साडीवर सांडली, आणि चौकटीच्या फटीतून हात बाहेर काढला. बांगड्यांसकट माझा हात स्टेजवर गेला, सगळ्यांना दिसला असणार. नटीनं लाडू ताटात ठेवला आणि माझ्या हातातून पेला घेऊन दादाला दिला. दादानं आधी पेल्याकडं पाहिलं, मग फटीकडं. मला तो दिसत होता, त्याला मी दिसत असेन की नाही, माहीत नाही. तो उभ्यानंच प्यायला. सावकाश, लहान लहान घोट घेत, जसा घरी पितो तसा. मास्तर पेटीवर एकच सूर धरून बसले. घशाखाली जाणारी पेज मला ऐकू येत होती.

त्यानं पेला खाली ठेवला. आता तिसरं कडवं. मी ओठांवर पहिला शब्द आणून तयार ठेवला होता, अडला तर सांगायला. पण त्यानं तिसरं कडवं घेतलंच नाही. त्यानं पहिल्या ओळीचीच चाल घेतली, अक्षराला अक्षर, आणि गायला:

“पेज देल्ली मले, भैनी, पेज देल्ली मले.”

‘ले’ त्यानं एवढा धरला की मी आडोशाला डोळे पुसून, पुस्तक मिटून, खाली बसले तरी तो चालूच होता.

दुसऱ्या दिवशी गावभर तीच ओळ होती. पाणी भरणाऱ्या बायका म्हणत होत्या, जत्रेचे पाळणे सोडवणारे म्हणत होते. आणि नवल म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं, हे शब्द कोणाचे वो बाई. मी इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न. आणि मला सांगावं लागलं की बाकीचं सगळं माझं आहे, पण ही ओळ माझी नाही, दादाची आहे.